पुसायलाही जागा लागते!

एक कोडे घेऊन सुरुवात करू. संगणकाची हार्ड डिस्क काठोकाठ भरली आहे. नवी फाइल ठेवू म्हटले तर 'जागा शिल्लक नाही' असा संदेश येतो. अशा वेळी आपण काय करतो? नको असलेली एखादी जुनी फाइल पुसून टाकतो. आता समजा, ती पुसायला गेलो आणि संगणकाने पुन्हा तोच संदेश दिला, 'जागा शिल्लक नाही'! कपाट भरले म्हणून जुने कागद काढायला जावे आणि कपाटाने म्हणावे, 'कागद काढायलाही माझ्यात जागा नाही', असा हा प्रकार.

ही गंमत म्हणून रचलेली गोष्ट नाही. २००५ नंतरच्या वर्षांत नव्या धर्तीच्या काही फाइल-व्यवस्था वापरणाऱ्यांना हा अनुभव खरोखर आला. संगणक बिघडला नव्हता. मोडले होते ते एक जुने गृहीतक : पुसले की जागा मिळते, आणि पुसायला मात्र काही लागत नाही. हे गृहीतक वापरणाऱ्यांच्या मनात होते, तसेच फाइल-व्यवस्था तपासण्यासाठी लिहिलेल्या चाचण्यांतही ते दडून बसले होते. साठवणीची पद्धत बदलली तेव्हा त्या चाचण्यांनाही बदलावे लागले. त्या बदलाचा इतिहास आपण येथे पाहणार आहोत. चाचण्या घेणे हा आपला, शिक्षकांचा, रोजचा उद्योग. त्यामुळे हा इतिहास आपल्यालाही काही सांगून जातो.

पाटी आणि सुटे कागद

हार्ड डिस्क म्हणजे सारख्या मापाच्या कोट्यवधी चौकटी, असे समजू. एका चौकटीत बहुधा ४०९६ बाइट माहिती मावते. कोणत्या फाइलचा मजकूर कोणत्या चौकटींत, कोणत्या क्रमाने आहे आणि कोणत्या चौकटी रिकाम्या आहेत, याची नोंद ठेवणारी आज्ञावली म्हणजे फाइल-व्यवस्था. पुस्तकाला अनुक्रमणिका असते तशी ही डिस्कची अनुक्रमणिका.

जुन्या फाइल-व्यवस्थांची रीत पाटीसारखी होती. मजकूर बदलायचा असेल तर त्याच जागी जुने पुसून नवे लिहायचे. १९८४ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील मॅक्युसिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री यांनी युनिक्ससाठीच्या वेगवान फाइल-व्यवस्थेवर निबंध लिहिला. पुढच्या अनेक फाइल-व्यवस्थांनी तिचे वळण उचलले. तिच्यातही लेखन जागच्या जागी होत असे.

या रीतीत एक धोका आहे. पाटीवरचे जुने पुसून झाले, नवे अर्धेच लिहिले आणि तेवढ्यात वीज गेली तर? जुने गेलेले असते आणि नवे पुरे झालेले नसते. अनुक्रमणिकाच अर्धवट राहिली तर सगळ्या डिस्कची चौकट-चौकट तपासत बसावे लागे. यावर पहिला तोडगा निघाला तो कच्च्या वहीचा. काय बदलणार आहोत ते आधी कच्च्या वहीत लिहायचे, मग मूळ जागी. वीज गेलीच तर कच्ची वही वाचून काम पुरे करायचे. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची १९९४ मध्ये बाजारात आलेली एक्सएफएस ही अशी फाइल-व्यवस्था होती. लिनक्समध्ये २००१ साली आलेली ईएक्सटी-३ ही याच वाटेने गेली. पण कच्ची वही असली तरी पक्के लिखाण अखेर जागच्या जागीच होई.

दुसरा तोडगा मुळातच निराळा होता. जुन्याला हातच लावायचा नाही! बदल करायचा असेल तर नवा कोरा कागद घ्यायचा, त्यावर बदललेला मजकूर उतरवायचा आणि अनुक्रमणिकेत जुन्या कागदाऐवजी नव्या कागदाचा क्रमांक घालायचा. पण अनुक्रमणिकासुद्धा खोडायची नाही. तीही नव्या कागदावर लिहायची. सर्वांत शेवटी 'चालू अनुक्रमणिका अमुक कागदावर आहे' एवढी एकच नोंद बदलायची. त्या नोंदीच्या आधी वीज गेली तर जुने सगळे जसेच्या तसे सापडते, नंतर गेली तर नवे सगळे सापडते. अर्धवट असे काही उरत नाही. या रीतीला 'कॉपी-ऑन-राइट' म्हणतात. म्हणजे, लिहायची वेळ आली की प्रत काढा.

ही कल्पना डिस्कवर येण्याआधी संगणकाच्या स्मृतीत वापरली गेली होती. अमेरिकेतील बीबीएन या संस्थेत तयार झालेल्या टेनेक्स या संगणक-प्रणालीचे वर्णन १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात अनेक कामे स्मृतीचे एकच पान वाटून घेत. त्यांतले एखादे काम त्या पानावर लिहू लागले की तेवढ्यापुरती पानाची प्रत निघे. डिस्कच्या बाबतीत १९९१ मध्ये रोझेनब्लम आणि औस्टरहाउट यांनी, जुन्यावर न लिहिता सतत पुढे पुढे लिहीत जाणारी फाइल-व्यवस्था मांडली. १९९४ मध्ये नेटवर्क ॲप्लायन्स या कंपनीच्या हिट्झ, लाउ आणि माल्कम यांनी 'वॉफल'चे वर्णन केले. या नावाचा अर्थच 'कुठेही लिहा' असा होतो. सन कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी २००१ पासून झेडएफएस घडवली. ती २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. आयबीएममधील ओहाद रोदेह यांनी २००७ मध्ये मांडलेल्या रचनेचा आधार घेऊन क्रिस मेसन यांनी लिनक्ससाठी बीटीआरएफएस सुरू केली. २००९ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली.

जुने कागद टाकून दिले नाहीत तर आणखी एक लाभ होतो. जुनी अनुक्रमणिका जपून ठेवली की त्या क्षणीची सगळी डिस्क जशीच्या तशी हाती राहते. याला आपण क्षणचित्र म्हणू. ते काढायला जवळजवळ वेळ लागत नाही, कारण मजकुराची नक्कल करावीच लागत नाही. जुन्या आणि नव्या अनुक्रमणिका न बदललेले कागद वाटून घेतात.

परीक्षकाची उत्तरसूची

आता चाचण्यांकडे वळू. फाइल-व्यवस्थेत चूक राहिली तर कोणाचा तरी प्रबंध जाईल, कोणाचे हिशेब जातील. म्हणून ती लोकांच्या हाती देण्यापूर्वी कसून तपासावी लागते. १९९१ च्या सुमारास नेक्स्ट कंपनीतील अवादिस तेवानियन यांनी यासाठी एक छोटी पण खट्याळ आज्ञावली लिहिली. ती एका फाइलवर वाटेल तशा उलटसुलट क्रिया करते. येथे लिही, तेथे वाच, मधेच फाइल आखूड कर! प्रत्येक क्रियेनंतर फाइल कशी दिसायला हवी याची एक प्रत ती स्वतःच्या स्मृतीत ठेवते आणि डिस्कवरून वाचलेले त्याच्याशी ताडून पाहते. ही आज्ञावली, सुधारणा होत होत, आजही वापरात आहे.

सिलिकॉन ग्राफिक्सने एक्सएफएससाठी चाचण्यांचा मोठा संच तयार केला आणि एक्सएफएस लिनक्सवर आली तेव्हा तोही तिच्याबरोबर आला. त्याची रचना आपल्याला ओळखीची वाटेल. ००१, ००२ अशा क्रमांकांच्या चाचण्या असतात आणि प्रत्येकीसोबत एक उत्तरसूची असते. चाचणी चालवायची, पडद्यावर जे उमटेल ते उत्तरसूचीशी अक्षरशः ताडायचे. एका अक्षराचा फरक पडला तरी नापास!

हा संच इतका उपयोगी ठरला की इतर फाइल-व्यवस्था लिहिणारेही तो वापरू लागले. सर्वांना लागू होणाऱ्या चाचण्या एकीकडे आणि एकेका व्यवस्थेच्या खास चाचण्या दुसरीकडे, अशी विभागणीही पुढे झाली. पण या 'सर्वांना लागू होणाऱ्या' चाचण्या ज्यांनी लिहिल्या त्यांच्या डोळ्यांसमोर पाटीची रीत होती. सुट्या कागदांच्या रीतीने चालणारी बीटीआरएफएस या परीक्षेला बसली तेव्हा काही चाचण्यांत ती नापास झाली. प्रश्न असा होता की, चूक विद्यार्थ्याची की प्रश्नपत्रिकेची?

तीन तऱ्हेचे नापास

अशा नापासांचे आम्ही सोयीसाठी तीन गट करतो.

पहिला गट सवयीचा. एक चाचणी अशी : रिकामी जागा मोजा, डिस्क भरा, भरलेले पुसा, पुन्हा जागा मोजा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. पाटीच्या रीतीत ते जवळपास सारखे येतात. सुट्या कागदांच्या रीतीत पुसलेल्या फाइलचे कागद लगेच मोकळे होत नाहीत. नवी अनुक्रमणिका पक्की होईपर्यंत ते राखून ठेवावेच लागतात, कारण त्याआधी वीज गेली तर जुन्याकडेच परतायचे असते. बीटीआरएफएसमध्ये हे पक्के करणे सामान्यतः दर ३० सेकंदांनी होते. चाचणीने लगेच मोजले तर जागा कमी दिसते. येथे फाइल-व्यवस्थेचे काही चुकलेले नाही. म्हणून अशा ठिकाणी चाचणीत एक पायरी वाढवावी लागते : आधी सगळे पक्के करून घ्या, मग मोजा. शिवाय अनुक्रमणिकेलाच कमीजास्त कागद लागत असल्यामुळे, नेमक्या आकड्याऐवजी 'इतक्या ते इतक्यांच्या दरम्यान' असे उत्तर स्वीकारावे लागते.

फाइलच्या जागेबाबतही असेच घडते. सलग लिहिलेल्या फाइलच्या मधला थोडा भाग बदलला तर पाटीच्या रीतीत ती डिस्कवर एकसंधच राहते. सुट्या कागदांच्या रीतीत मधला भाग दुसरीकडे जातो आणि फाइलचे तीन तुकडे होतात. 'फाइल एकाच तुकड्यात आहे ना?' असे विचारणारी चाचणी येथे नापास करणार. पण वापरणाऱ्याला तुकड्यांशी काय देणेघेणे? लिहिले तेच वाचायला मिळाले की झाले. तेव्हा प्रश्न विचारायचा तो मजकुराचा.

दुसरा गट वचनाचा. फाइलसाठी आधीच जागा राखून ठेवण्याची एक क्रिया असते. युनिक्सच्या सर्वमान्य प्रमाणकानुसार, ही क्रिया यशस्वी झाली तर त्या फाइलमध्ये पुढे लिहिताना जागेअभावी अपयश येता कामा नये. त्याची चाचणी अगदी सरळ आहे. जागा राखा, उरलेली डिस्क भरून टाका आणि राखलेल्या जागेत लिहून पाहा. सुट्या कागदांच्या रीतीला हे अवघड जाते. क्षणचित्र काढलेले असेल तर राखीव कागद जुन्या अनुक्रमणिकेच्याही वाट्याचा होतो. त्यावर लिहिता येत नाही, नवा कागद लागतो आणि तो तर शिल्लक नसतो! येथे चाचणी सैल करून भागत नाही. वचन कोणत्या परिस्थितीत पाळता येईल आणि कोणत्या परिस्थितीत नाही, हे स्पष्ट लिहावे लागते. क्षणचित्र नसेल तेव्हा बीटीआरएफएस राखीव जागेत जागच्या जागीच लिहिते आणि वचन पाळते.

तिसरा गट खऱ्या चुकीचा. आपले सुरुवातीचे कोडे याच गटात येते. फाइल पुसणे म्हणजे अनुक्रमणिकेत बदल, अनुक्रमणिकेत बदल म्हणजे नवा कागद, आणि कोरा कागद तर एकही नाही. कारण समजले म्हणून दोष माफ होत नाही. भरलेली डिस्क वापरणाऱ्याला रिकामी करता आलीच पाहिजे, ही अपेक्षा रास्त आहे. म्हणून येथे चाचणी तशीच राहिली आणि फाइल-व्यवस्था बदलली. झेडएफएस व बीटीआरएफएस आता काही जागा स्वतःसाठी बाजूला ठेवतात. झेडएफएसमध्ये ती सामान्यतः एकूण जागेच्या १/३२, म्हणजे सुमारे ३ टक्के असते. साठा फार मोठा असेल तर तिला वरची मर्यादा घातलेली आहे.

या तीन गटांची सरमिसळ होऊ देता कामा नये. प्रत्येक नापासाला 'आमची रीतच वेगळी आहे' म्हणून पास करत गेलो तर खऱ्या चुका त्याच दारातून आत येतात. आणि प्रत्येक वेळी जुन्या उत्तरसूचीला चिकटून राहिलो तर नव्या रीतीवर अन्याय होतो.

नव्या प्रश्नांची भर

जुने प्रश्न दुरुस्त करणे हे निम्मे काम झाले. नव्या रीतीत चुकण्याच्या जागाही नव्या असतात, त्यांच्यासाठी नवे प्रश्न लागतात. दोन फाइली एकच कागद वाटून घेत असतील आणि एकीत बदल केला, तर दुसरी अबाधित राहते का? बदल करताना जागा संपली तर व्यवस्था नम्रपणे नकार देते, की मजकूर बिघडवून ठेवते? २०१६ च्या डिसेंबरात आलेल्या लिनक्सच्या ४.९ आवृत्तीत, डॅरिक वाँग यांच्या कामामुळे, खुद्द एक्सएफएसलाही फाइलींनी कागद वाटून घेण्याची सोय मिळाली आणि अशा चाचण्यांची मोठी भर पडली. ज्या व्यवस्थेसाठी जुना चाचणी-संच जन्माला आला होता, तिलाच आता नव्या रीतीच्या परीक्षेला बसावे लागले!

वीज जाण्याच्या प्रश्नालाही नवी तपासणी लागली. 'जुन्यावर कधी लिहीतच नाही, म्हणजे वीज गेली तरी काही बिघडणार नाही', हे बोलायला सोपे आहे. पण शेकडो नोंदींचा क्रम एका ठिकाणी चुकला तरी वचन मोडते. २०१५ मध्ये लिनक्समध्ये योसेफ बासिक यांनी लिहिलेली एक सोय आली. डिस्ककडे जाणारे प्रत्येक लेखन ती क्रमवार टिपून ठेवते. मग 'या लेखनानंतर वीज गेली असती तर?' असे हव्या त्या टप्प्यावर थांबून तपासता येते. २०१८ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील गटाने, छोट्या छोट्या क्रियांच्या जुळण्या यंत्राकडून रचून घेऊन, अशीच पद्धतशीर तपासणी केली. वर्षानुवर्षे वापरात असलेल्या लिनक्सच्या फाइल-व्यवस्थांत त्यांना १० नव्या चुका सापडल्या. त्यांपैकी ७ चुका २०१४ पासून तशाच दडून होत्या. आणि या १० पैकी बहुतेक बीटीआरएफएसमधल्या होत्या! रीत चांगली आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही, हे यावरून कळते.

वर्गात करून पाहा

हा सगळा विषय संगणकाला हात न लावता इयत्ता सातवी-आठवीच्या वर्गात समजावता येतो. मुलांचे दोन गट करा. पहिल्या गटाला एक पाटी द्या. तिच्यावर चार ओळी लिहायला सांगा. दुसऱ्या गटाला सात छोट्या चिठ्ठ्या आणि एक चिमटा द्या. चार चिठ्ठ्यांवर एकेक ओळ आणि पाचवीवर अनुक्रमणिका लिहायची. चिमट्यात असेल ती अनुक्रमणिका खरी मानायची. दोन चिठ्ठ्या कोऱ्या राहतील. नियम एकच, लिहिलेली चिठ्ठी खोडायची नाही. नवी अनुक्रमणिका चिमट्यात गेल्यावरच जुनी कामाबाहेर जाते.

आता दोघांना दुसरी ओळ बदलायला सांगा आणि मधेच ओरडा, 'वीज गेली!' सगळ्यांनी हात थांबवायचे. पाटीवर काय उरले? चिमट्यातल्या अनुक्रमणिकेप्रमाणे वाचले तर काय मिळते? हे मुलांनाच वाचून दाखवू द्या. मग काम पुरे करू द्या. दुसऱ्या गटाच्या दोन्ही कोऱ्या चिठ्ठ्या संपलेल्या असतील. जुन्या ओळीची चिठ्ठी आणि जुनी अनुक्रमणिका या दोन्ही क्षणचित्र म्हणून जपून ठेवायला सांगा. आता म्हणा, 'तिसरी ओळ काढून टाका.' मुले क्षणभर गोंधळतील. काढायची आहे, पण नवी अनुक्रमणिका लिहायला चिठ्ठीच नाही! आपले कोडे त्यांच्या हातात येते. 'एक चिठ्ठी आधीच बाजूला ठेवायला हवी होती', हा उपायही त्यांच्यातलेच कोणीतरी सुचवील.

शेवटी मुलांकडून दोन्ही गटांना चालतील अशा तीन चाचण्या लिहून घ्या. 'दुसरी ओळ दुसऱ्याच जागी आहे का?' अशी चाचणी हमखास येईल. ती न खोडता फळ्यावर लिहा आणि विचारा, हिच्यातून आपण नेमके काय तपासतो आहोत?

हा प्रश्न आपण स्वतःलाही विचारायला हवा. गणिताचा पेपर तपासताना उत्तर बरोबर, तर्क बरोबर, पण रीत पुस्तकातली नाही म्हणून आम्हीही कधी ना कधी गुण कापले आहेत. ज्या मुलाचे गुण कापले त्याने त्यातून धडा घेतला तो एवढाच की, स्वतःच्या रीतीने विचार करणे महागात पडते. उलट, 'त्याची पद्धत वेगळी असेल' असे म्हणून खरी चूक सोडून दिल्याचेही प्रसंग आहेत. फाइल-व्यवस्था तपासणाऱ्यांना हा भेद एकेका चाचणीपाशी थांबून, वाद घालून करावा लागला. त्यासाठी आधी 'आपण नेमके काय मागितले होते?' याचे उत्तर लिहून काढावे लागले.

पुढच्या चाचणी परीक्षेची प्रश्नपत्रिका काढताना प्रत्येक प्रश्नापुढे एका ओळीत हे उत्तर लिहून पाहावे, असे आम्ही सुचवतो. ज्या प्रश्नापुढे काही लिहिता येणार नाही, तो प्रश्न बहुधा आपल्या सवयीतून आलेला असेल.